फौजेतून परतलेला विद्यार्थी: कॉलेजच्या खिडकीवरच्या माणसाने काय शिकून घ्यावं?

२०२६ संपता संपता आणि २०२७ च्या सुरुवातीला अग्निवीरांची पहिली तुकडी चार वर्षं पूर्ण करते. नौदलाच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण ओडिशातल्या चिल्का इथं नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, वायुदल आणि लष्कराच्या तुकड्या त्यामागोमाग निघाल्या. मेहकर, रिसोड, दारव्हा, मूल, अर्जुनी मोरगाव अशा कुठल्याही तालुक्यात पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं आपण वर्षानुवर्षं पाहतो आहोत. त्यातली जी निवडली गेली, त्यातली बरीच आता परत येणार. त्यांच्या नोकरीचं काय होणार यावर पेपरात भरपूर लिहून येतं. पण त्यांच्यातल्या एखाद्याला पुढे शिकायचं असलं आणि तो तालुक्याच्या कॉलेजात गेला, तर तिथे त्याला भेटणाऱ्या माणसाला काय माहीत असायला हवं, याबद्दल कुणी बोलत नाही. आपली कॉलेजं फौजीला ओळखतात ती २६ जानेवारीचा पाहुणा म्हणून. हाजिरीपटावर नाव असलेला विद्यार्थी म्हणून त्याला कसं सांभाळायचं, हे शिकून घ्यावं लागतं. ते शिक्षण प्राध्यापकांच्या आधी ऑफिसच्या खिडकीपासून सुरू व्हायला हवं, असं माझं मत आहे. का, ते पुढे सांगतो.

परत येणारा नेमका कोण?

फौजेतून येणारे विद्यार्थी दोन प्रकारचे असतात. त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळंच चुकतं.

पहिला जुन्या ओळखीचा. अठरा-एकोणिसाव्या वर्षी शिपाई म्हणून भरती झालेला. पंधरा वर्षं सेवा झाली की तो पेन्शनला पात्र होतो. पस्तिशीच्या आसपास नाईक नाहीतर हवालदार म्हणून तो गावी येतो तेव्हा पोरं शाळेत असतात आणि घराचं बांधकाम अर्ध्यावर असतं. त्याच्याजवळ सेवेची नोंद असलेलं डिस्चार्ज बुक असतं, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश असतो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने दिलेलं ओळखपत्र असतं. सरकारी कागदावर ‘माजी सैनिक’ म्हणतात तो हा.

दुसरा अग्निवीर. १४ जून २०२२ ला जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतून साडेसतरा ते एकवीस या वयात भरती झालेला. पहिल्या वर्षापुरती ही मर्यादा तेवीसपर्यंत वाढवली होती. सेवा चार वर्षांची. त्यानंतर प्रत्येक तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, बाकीचे घरी येतात. पहिल्या वर्षी महिना ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये पगार. त्यातले ३० टक्के दर महिन्याला कापून सेवानिधीत जातात, तेवढीच भर सरकार घालतं, आणि बाहेर पडताना व्याजासकट साधारण ११.७१ लाख रुपये करमुक्त हाती येतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. योजना जाहीर करताना घातलेल्या अटींनुसार त्याला माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यामुळे खिडकीवर त्याला ‘माजी सैनिकाचं ओळखपत्र आण’ असं सांगणं म्हणजे त्याच्याजवळ असूच शकत नाही ते मागणं. त्याच्याजवळ सेवा पूर्ण केल्याचे कागद असतात आणि कौशल्य प्रमाणपत्र असतं.

आपल्याकडे आणखी एकाला लोक फौजीच म्हणतात, तो सीआरपीएफ किंवा बीएसएफचा जवान. ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात, तर लष्कर, नौदल आणि वायुदल संरक्षण मंत्रालयाखाली. माजी सैनिकाच्या व्याख्येत ही तीनच दलं बसतात. वर्गात तिघांच्याही अडचणी सारख्याच असतात, कागदं तेवढी वेगळी.

‘ठेवलं नाही, म्हणजे काहीतरी झालं असंल’

अग्निवीराबद्दल हा समज आधी काढून टाकायला हवा. चारातले किमान तीन परत येणार, हे योजनेतच लिहिलेलं आहे. सगळेच्या सगळे कितीही उत्तम निघाले तरी तीन परत येणारच. तरी गावात कुजबुज होते, सोयरीक पाहायला आलेले पाहुणे आडून आडून विचारतात, आणि भर वर्गात एखादे सर अगदी आपुलकीने विचारून बसतात, “का रे, तुला का नाही ठेवलं?” साठ पोरांसमोर या प्रश्नाचं उत्तर तेवीस वर्षांच्या माणसाने काय द्यावं? विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याला हा २५ टक्क्यांचा हिशेब कुणी सांगितलेला नसतो, एवढंच. म्हणून कॉलेजच्या कर्मचाऱ्यांना या विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षण द्यायचं, तर त्याच्या पहिल्या दहा मिनिटांत तो सांगितला गेला पाहिजे.

सियाचिनवर ऑक्टोबर २०२३ मध्ये वीरमरण आलेला अग्निवीर बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा होता. या पोरांनी काय पत्करलं होतं, हे कळायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही.

हे प्रशिक्षण आलं कुठून?

कॉलेजच्या कर्मचाऱ्यांना अशा विद्यार्थ्यांसाठी तयार करायचं, ही कल्पना रुजली अमेरिकेत. दुसरं महायुद्ध संपायच्या आधीच, २२ जून १९४४ ला, राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या कायद्यावर सही केली. तो जीआय बिल या नावाने ओळखला जातो. त्या कायद्याच्या आधाराने साधारण २२ लाख सैनिक कॉलेजात गेले. १९४७ मध्ये तर तिथल्या कॉलेजांत दाखल झालेल्यांपैकी जवळपास निम्मे माजी सैनिक होते. मोठमोठ्या विद्वानांनी आधी नाकं मुरडली होती. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांना तर वाटत होतं की कॉलेजं म्हणजे बेकार भटक्यांची वस्ती होऊन बसतील. झालं उलटच. वयाने मोठे, संसारी असे हे विद्यार्थी अभ्यासाला पक्के निघाले.

पुढे इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेली पिढी कॉलेजांत आली. तेव्हा लक्षात आलं की फी भरायला पैसे असूनही पोरं मधेच गळतात. कारणं छोटी छोटी होती: कागद अडकला, कुणाला विचारायचं ते कळलं नाही, वर्गात कुणीतरी नको ते विचारलं. यातूनच व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाने ‘ग्रीन झोन’ नावाचा उपक्रम सुरू केला आणि पुढे तो बऱ्याच कॉलेजांनी उचलला. त्यात प्राध्यापक, क्लार्क, ग्रंथपाल यांच्यापैकी ज्यांची इच्छा असेल ते काही तासांचं प्रशिक्षण घेतात आणि आपल्या दारावर एक खूण लावतात. इथे विचारलं तरी चालेल, एवढाच तिचा अर्थ. हे लोक समुपदेशक नसतात. कुठल्या प्रश्नासाठी कुणाकडे जायचं, ते त्यांना माहीत असतं.

आपल्याकडे जीआय बिलासारखा कायदा नाही आणि परिस्थितीही वेगळी आहे. अमेरिकेची नक्कल करून काही साधणार नाही. पण दारावरच्या त्या खुणेला पैसा लागत नाही. तेवढी गोष्ट आपल्याला घेता येईल.

खिडकीवर काय घडतं

जून-जुलैचे दिवस. तालुक्याच्या कॉलेजचं ऑफिस, बाहेर रांग, पंखा फक्त आतल्या बाजूला. अडतिशीचा एक माणूस प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन खिडकीशी येतो. क्लार्क न पाहताच म्हणतो, “काका, पोरगं कुठी हाय? त्याची सही लागते.” माणूस म्हणतो, “ॲडमिशन माहीच आहे.” आता क्लार्क मान वर करतो. मागची पोरं हसतात. क्लार्क फॉर्म चाळतो, त्यात रकाना असतो ‘माजी सैनिकाचा पाल्य’. स्वतः माजी सैनिक असलेल्यासाठी रकानाच नाही. “थांबा, मॅडमले विचारून सांगतो.” मॅडम मीटिंगमध्ये. “उद्या या.” उद्या म्हणजे परत एसटीचं भाडं आणि एका दिवसाचं काम. तो ‘बरं’ म्हणतो आणि वळतो. फौजेत वीस वर्षं काढलेला माणूस खिडकीशी भांडत नाही. तो दुसऱ्या दिवशी येतोही, तिसऱ्या दिवशी मात्र येत नाही.

यात क्लार्कची चूक काढायची नाही. आपल्या व्यवस्थेला सैनिक ठाऊक आहे तो बाप म्हणून. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर सवलत आहे ती माजी सैनिकांच्या मुलांसाठी. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे ती माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी आणि विधवांसाठी, मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये. जिल्ह्याच्या गावी सैनिकी वसतिगृह असतं तेही प्रामुख्याने त्यांच्या पाल्यांसाठी. या सगळ्या चांगल्याच गोष्टी आहेत. पण त्यामुळे खिडकीवरच्या माणसाच्या डोक्यात ‘माजी सैनिक’ म्हटलं की कुणाचा तरी मुलगा येतो, समोर उभा असलेला माणूस येत नाही.

आता याच माणसाची कागदं पाहा. बारावी वीस वर्षांपूर्वीची. शाळेची टीसी आहे, पण तिच्यावरची जन्मतारीख आणि डिस्चार्ज बुकातली जन्मतारीख जुळत नाही. नावात शाळेत ‘राव’ होतं, फौजेत ते गळलं. मधल्या वर्षांचं गॅपचं प्रतिज्ञापत्र मागितलं जातं. पण त्या वर्षांत तो कुठे होता हे डिस्चार्ज बुकातच तारखांसकट लिहिलेलं असतं. ते बुक उघडून कसं वाचायचं, हे कळायला क्लार्कला वीस मिनिटं लागतात. एकदा शिकला की आयुष्यभर उपयोगी.

अग्निवीराची कागदं त्याहून नवी आणि अनोळखी. दहावीवर भरती झालेल्याने सेवेत असताना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, बारावी केलेली असू शकते. ‘हे बोर्ड आपल्याकडे चालत नाही’ असं म्हणून त्याला परत पाठवलं, तर ते धडधडीत चूक आहे. तो बोर्ड राष्ट्रीय पातळीवरचा आणि मान्यताप्राप्त आहे. दुसरी शक्यता अशी की त्याने इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, खास अभ्यासक्रमात नाव घातलेलं असेल. शिक्षण मंत्रालयाने २०२२ मध्येच जाहीर केलं होतं की अग्निवीरांसाठी तीन वर्षांची पदवी असेल आणि तिचे निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातील. क्रेडिट म्हणजे शिकलेल्या भागाचं मोजमाप, पदवी पूर्ण व्हायला ठरावीक क्रेडिट जमावे लागतात. हे क्रेडिट आता ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याच्या नावाने साठवता येतात. पण कुठले क्रेडिट कुठल्या विद्यापीठात किती धरले जातील, हे ते विद्यापीठ ठरवतं. आपलं कॉलेज अमरावती विद्यापीठाचं असो, नागपूरचं असो की गोंडवानाचं, क्लार्कने स्वतः ‘होत नाही’ असं सांगायचं नाही. विद्यापीठाला लेखी विचारायचं आणि ती प्रत विद्यार्थ्याच्या हाती द्यायची.

खिडकीपासून सुरुवात का, ते यावरून कळेल. प्राध्यापक कितीही समजूतदार असले तरी माणूस त्यांच्यापर्यंत पोचायला हवा ना.

वर्गातल्या अडचणी

पहिली हजेरीची. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरी लागते. निवृत्त हवालदार रात्री कुठेतरी सुरक्षा रक्षकाची ड्युटी करत असतो, सकाळी शेतावर चक्कर, मग कॉलेज. अट मोडा असं मी म्हणत नाही. पण अंतर्गत चाचणी कधी, प्रात्यक्षिक कधी, कुठल्या दिवशी हजर असलंच पाहिजे, हे महिनाभर आधी कागदावर मिळालं तर तो ड्युटी बदलून घेतो. आयत्या वेळी व्हॉट्सॲपवर आलेली ‘उद्या टेस्ट आहे’ ही सूचना त्याला मारते. खरं तर ती सगळ्यांनाच मारते.

दुसरी अडचण सूचनांची. फौजेत काम सांगतात ते नेमकं: काय, कुठे, किती वाजेपर्यंत. आपण सांगतो, “या विषयावर जरा वाचून या.” तो विचारतो, “सर, किती पानं? कधीपर्यंत?” नवख्या प्राध्यापकाला वाटतं हा उर्मटपणे बोलतो आहे. तो उर्मट नसतो, त्याला खरोखर तेवढंच जाणून घ्यायचं असतं. सुरुवातीचे दोन-तीन महिने गृहपाठ नेमक्या शब्दांत द्यावा, मग हळूहळू मोकळा सोडावा. दहा पुस्तकांतून स्वतः दोन निवडायची सवय व्हायला वेळ लागतो.

तिसरी कानाची. तोफखान्यात किंवा फायरिंग रेंजवर वर्षं काढलेल्या माणसाला कमी ऐकू येत असतं किंवा कानात सतत सूं सूं वाजत असतं. बाहेरून ते दिसत नाही आणि तो स्वतःहून सांगत नाही. फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या सरांचं निम्मं त्याला कळतच नाही. समोर तोंड करून बोलणं आणि त्याला पुढच्या बाकावर बसायचं का ते एकदा एकट्यात विचारणं, एवढं पुरतं. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाणित असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रवेशात आरक्षण आणि परीक्षेत जादा वेळ मिळतो. ही माहिती परीक्षा विभागाकडे असते, पण फौजीला ती दिव्यांगांच्या रांगेत जाऊन मागायची नसते. आपण सांगावी.

चौथी बोलण्याची. अठ्ठावीस वर्षांचे तासिका तत्त्वावरचे सर आणि त्यांना पाहून सावधान उभा राहणारा अडतीस वर्षांचा विद्यार्थी. ‘तू’ म्हणावं की ‘तुम्ही’? सरळ ‘तुम्ही’ म्हणावं. आणि काही प्रश्न विचारूच नयेत. “गोळी चालवली का कधी?”, “किती मारले?” हे तर नाहीच. त्याहून सर्रास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे “कॅन्टीनची बाटली भेटते का हो?” हा प्रश्न स्टाफरूममध्ये विचारला जातो, शिपायापासून प्राध्यापकापर्यंत विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. समोरच्याला मात्र कळतं की वीस वर्षांच्या नोकरीतून यांना माझ्याकडून एवढंच हवं आहे. अग्निवीराला तर सेवा संपल्यावर कॅन्टीनची सोयच नाही.

अडचणी खूप सांगितल्या, आता त्याच्याजवळ काय असतं तेही सांगायला हवं. बी.ए. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे असतात. त्यावरच्या समोच्च रेषा पाहून इथे चढ आहे, इथे नाला आहे, हे पोरांना उमगता उमगत नाही. असे नकाशे हाताळून ज्याने डोंगरात वाट काढली आहे, तो पेन्सिलचं टोक ठेवून सांगतो, “या दोन रेषा चिकटल्या ना, इथून चढायला जाऊ नका.” पोरं माना घालून पाहू लागतात. तो तास त्याला घेऊ द्यावा. शूर जवान म्हणून स्टेजवर बसवण्यापेक्षा हे त्याला शंभर पटीने आवडेल. सिग्नलमधला, वाहनदुरुस्तीतला, नर्सिंग असिस्टंट म्हणून काम केलेला, प्रत्येकाजवळ असं काहीतरी असतं. विचारलं की कळतं.

‘पण यांच्या डोक्यावर परिणाम झालेला असतो म्हणे’

ही भीती स्पष्ट बोलून टाकलेली बरी. भयंकर प्रसंगातून गेलेल्या माणसाला तो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवणं, झोप न लागणं, दचकणं, माणसांपासून दूर राहणं असा त्रास महिनोन्‌महिने होत राहिला, तर त्याला आघातोत्तर ताणाचा विकार म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी पीटीएसडी. तो असतो, खरा असतो, आणि त्यावर उपचारही असतात. पण फौजेतून आलेल्या बहुतेक माणसांना तो नसतो. अनेकांची नेमणूक वर्कशॉपमध्ये, भांडारात, स्वयंपाकघरात, कार्यालयात झालेली असते.

सगळ्यांना जे होतं ते वेगळं, आणि ते समजायला भंडारा-गोंदियाकडची धानाची रोवणी आठवावी. पऱ्ह्यातून उपटलेलं रोप बांधीत लावलं की पहिले काही दिवस पिवळं पडतं, मान टाकतं. रोग पडला म्हणून कुणी ते उपटून फेकत नाही आणि लगेच औषधही फवारत नाही. बांधीत पाणी राहील एवढं पाहतात. परतलेल्या माणसाचे पहिले सहा महिने असेच असतात. गप्प राहणं, मागच्या भिंतीला टेकून दाराजवळ बसणं, पोरांच्या गोंगाटाने चिडणं, ‘इथे कुणाला वेळेची किंमतच नाही’ असं वाटत राहणं. हा आजार नाही.

कर्मचाऱ्याने निदान करायचं नाही, ते त्याचं कामही नाही. पण झोप पार उडाली आहे, पिणं वाढलं आहे, माणूस अचानक यायचा बंद झाला आहे किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलतो आहे, हे दिसलं तर मात्र थांबायचं नाही. एकट्यात बसवून सरळ विचारायचं. असं विचारल्याने काही बिघडत नाही. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. त्याला नंबर देऊन मोकळं होण्यापेक्षा त्याच्यासमोर आपल्याच फोनवरून लावून द्यावा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, तिथे कुणीतरी सोबत जावं.

‘फौजी तर शिस्तीचा, त्याला कसली मदत?’

शिस्त आहे हे खरं. पण ती शिस्त दुसऱ्याने आखून दिलेल्या दिवसात वाढलेली असते. पहाटेची पीटी, नाश्ता, परेड, सगळं ठरलेलं. कॉलेजात दिवस स्वतः आखावा लागतो आणि काही नाही केलं तरी सेमिस्टर संपेपर्यंत कुणी ओरडत नाही. त्यात वीस वर्षं पुस्तकाशी संबंध नाही, इंग्रजीची भीती, शेजारी आपल्या पोराच्या वयाची पोरं. मदत लागते ती इथे.

‘पंधरा वर्षं सेवा झाली की पदवीधरच धरतात की’

हा गैरसमज माजी सैनिकांमध्येही आहे. दहावी झालेल्या आणि पंधरा वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला गट-क च्या काही नोकऱ्यांसाठी पदवीधराच्या बरोबरीचं धरतात. तेवढ्यापुरतं ते खरं आहे. त्या कागदावर एम.ए., बी.एड. किंवा एलएल.बी.ला प्रवेश मिळत नाही. ज्याला शिक्षक व्हायचं आहे, वकिली करायची आहे, त्याला पदवी घ्यावीच लागते. हे त्याला प्रवेशाच्या वेळीच समजावून सांगणारा माणूस कॉलेजात हवा.

‘मग मुक्त विद्यापीठात का जात नाही?’

जावं, आणि काहींनी तिथेच जावं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं विदर्भभर आहेत. रात्रपाळी करणाऱ्या, रोज येणं शक्यच नसलेल्या माणसाला तिथला रस्ता प्रामाणिकपणे दाखवणं हीसुद्धा मदतच आहे, मग आपल्या कॉलेजची एक जागा रिकामी राहिली तरी चालेल. पण ज्याला प्रयोगशाळा हवी आहे, शिकवणारा समोर हवा आहे, चार माणसांत बसून गावात पुन्हा रुळायचं आहे, त्याला ‘तुम्ही घरूनच करा’ म्हणून कटवू नये.

‘दोन-चार जणांसाठी एवढं कशाला? आणि बाकीच्यांवर अन्याय नाही का?’

किती आहेत ते आपल्याला माहीतच नाही, कारण आपण विचारत नाही. आणि एखाद्या कॉलेजात एकच असेल तर तो जास्त एकटा असतो. शहरातल्या मोठ्या कॉलेजात त्याला आपल्यासारखे चार जण सापडतील, तालुक्याला सापडणार नाहीत.

अन्यायाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गात न दिसणारी पोरं आपल्याकडे आहेत, लग्नानंतर बारा वर्षांनी बी.ए.ला नाव घालणारी ताई आहे, पती गमावलेली वीरपत्नीही आहे. फौजीसाठी जे करायचं त्यातलं बहुतेक यांच्याही उपयोगाचं आहे: चाचण्यांचं वेळापत्रक आधी देणं, जुनी कागदं कशी पाहायची ते शिकणं, ‘उद्या या’ न म्हणणं. फीमध्ये सूट किंवा गुण वाढवून देणं मी सुचवत नाही आणि तो माणूसही ते मागत नाही.

राहिला कामाच्या ओझ्याचा प्रश्न. शिक्षकेतर पदं रिकामी आहेत, एकेक क्लार्क तिघांचं काम ओढतो, त्यात कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, म्हणजे नॅकच्या, फायली आणि महाडीबीटीचं सर्व्हर. हे सगळं खरं आहे. म्हणूनच प्रशिक्षण अर्ध्या दिवसाचं असावं आणि ते कामाच्या वेळेत व्हावं. रविवारी बोलावून करायची ही गोष्ट नाही.

अर्ध्या दिवसात काय, आणि कधी?

निम्मा वेळ कागदांना द्यावा. डिस्चार्ज बुक, पीपीओ, अग्निवीराची प्रमाणपत्रं, एनआयओएसची गुणपत्रिका यांच्या नमुना प्रती टेबलावर ठेवून प्रत्येक क्लार्कने त्या स्वतः वाचून पाहाव्यात. हे शिकवायला जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना प्राचार्यांनी पत्र पाठवून बोलवावं, ते बहुधा स्वतः निवृत्त सैन्याधिकारी असतात. उरलेल्या वेळात वर्गातल्या गोष्टी, काय विचारू नये ते, आणि कुठल्या अडचणीला कोण याची एक पानाची यादी. शक्य असेल तर परतलेल्या एका फौजीला बोलवावं, पण भाषणाला नाही. त्याला विचारावं की आमच्या ऑफिसात तुम्हाला काय काय त्रास झाला, आणि आपण ऐकून घ्यावं.

कॉलेजात या कामाचा धागा धरायला एक माणूस बहुतेक ठिकाणी आयता आहे, तो म्हणजे एनसीसीचे अधिकारी असलेले प्राध्यापक. त्यांच्यातल्या अनेकांचं प्रशिक्षण आपल्याच कामठीच्या एनसीसी अकादमीत झालेलं असतं, फौजेची भाषा त्यांना कळते. एनसीसी नसेल तिथे एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी चालतील, ग्रंथपालही चालतील. त्यांचं नाव आणि नंबर खिडकीशेजारी मराठीत लिहून लावावा.

वेळेचं गणित मात्र नीट पाहायला हवं. पहिल्या तुकडीतला अग्निवीर बाहेर पडतो नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमाराला, आणि आपले प्रवेश उघडतात जूनमध्ये. मधले पाच-सहा महिने फार नाजूक असतात. घरी कापूस आणि तूर निघालेली असते, हाती ११ लाखांहून जास्त रक्कम असते, भावाला ट्रॅक्टर हवा असतो, बहिणीचं लग्न ठरलेलं असतं, कुणीतरी पैसे दुप्पट करून द्यायला टपलेला असतो. केंद्रीय सशस्त्र दलांत आणि आसाम रायफल्समध्ये १० टक्के जागा राखीव ठेवण्याची घोषणा २०२२ मध्येच झाली होती, त्यामुळे अनेक जण थेट भरती अकादमीत जाऊन बसतील, आणि ते चूक नाही. पण ज्याच्या मनात शिकायचं होतं, त्याचंही जूनपर्यंत ते मागे पडतं.

जून २०२४ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, विद्यापीठांना वर्षातून दोनदा, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारीत, प्रवेश देण्याची मुभा दिली. सक्ती नाही. ग्रामीण कॉलेजाला ते लगेच झेपेल असंही नाही. तोवर निदान एक नोंदवही ठेवता येईल. जानेवारीत चौकशीला आलेल्याचं नाव, गाव, फोन आणि कुठला कागद कमी आहे ते त्यात लिहायचं. त्याला ग्रंथालयात बसायची परवानगी द्यायची, प्रतिज्ञापत्र आणि जन्मतारखेच्या दुरुस्तीची कामं त्या रिकाम्या महिन्यांत उरकून घ्यायला सांगायचं, आणि प्रवेश उघडायच्या आठवड्यात त्याला आपणहून फोन करायचा. पहिली तुकडी येण्याआधी प्राचार्यांच्या हाती जे महिने आहेत, त्यात अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण आणि ही नोंदवही, दोन्ही होऊ शकतं.